हौद्याला रंग मारण्याआधी

आज देवास नाक्याला एका ट्रकचा हौदा घासून उघडा केला. अशा कामात निम्मी मेहनत रंगाआधीच जाते. 80 नंबरच्या फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायची, घासपेपरच्या पाकळ्यांची चकती) गंज काढला की थिनरने पुसायचं, पण दोन फडक्यांनी: एक ओलं, मागोमाग कोरडं. एकाच फडक्याने तेल निघत नाही, नुसतं पसरतं. मग पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. इंदूरच्या पावसाळी हवेत पत्रा रात्रभर तसाच राहिला तर सकाळी तांबूस दिसतो, म्हणून घासलं त्याच दिवशी प्रायमर.

प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सी: एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर. प्रमाण डब्यावर असतं, हार्डनर अंदाजाने ओतू नका. कमी पडला तर थर चिकट राहतो. वेल्डिंगचे जोड, कडा, बोल्टांच्या जागा आधी ब्रशने भरा, कारण स्प्रेचा थर कडेवर पातळ बसतो आणि गंज तिथूनच डोकं वर काढतो. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त खरा, पण त्यावर पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे वरचा रंग) मारला की थिनर खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात. फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक वापरलं असेल तर धुऊन पूर्ण सुकवा. उरलेलं ॲसिड इपॉक्सीची पकड घालवतं.

प्रायमरवर पुढचा थर मारायची जी मुदत असते, तिच्यातच पीयू मारा, मुदत टळली तर आधी 320 च्या पेपरने घासा. पीयूच्या हार्डनरच्या वाफेपुढे तोंडाला बांधलेला रुमाल बिनकामाचा, वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्कच हवा. आणि हौद्यातली पाणी जायची भोकं रंगाने बुजली नाहीत ना, तेवढं बघा.