सगळी उत्तरं खरी होती

दांडिया बाजारातली एक पॅथॉलॉजी लॅब. एका मोठ्या हॉस्पिटलशी करार व्हायचा होता, त्यांची सिक्युरिटीची प्रश्नावली भरून तयार होती. मी फक्त पडताळायला गेले होते. डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात? हो. क्लाउड कंपनीचा सॉक-टू टाइप-टू, म्हणजे सुरक्षेच्या ऑडिटचा रिपोर्ट? हो. सर्व्हर भारतात? हो, मुंबईत. सगळं खरं.

पेशंटला व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारी एक नमुना लिंक मी माझ्या मोबाइलवर उघडली. शेवटी रिपोर्टचा क्रमांक होता. एक आकडा बदलला. दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट आला, एचआयव्हीच्या तपासणीचा.

"पण एन्क्रिप्शन आहे ना?" डॉक्टरांचा चेहरा उतरला होता.

आहे. डिस्क चोरून नेली तर चोराला काही वाचता येणार नाही. पण इथे ते उलगडायची किल्ली एस-थ्री, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं फाइल साठवायचं क्लाउड, स्वतःच सांभाळतं, आणि बकेट, म्हणजे त्यातला फाइलींचा कप्पा, पब्लिक असेल तर मागेल त्याला फाइल उलगडूनच देतं. सॉक-टूमध्ये ऑडिटर काही महिन्यांचा कारभार तपासतो, पण क्लाउड कंपनीचा. सोसायटीचा वॉचमन चोख आहे म्हणून आपल्या फ्लॅटला कुलूप लागत नाही. शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी, वाटून घेतलेली जबाबदारी, म्हणतात ती एवढीच, आणि करारावर सही करणाऱ्यांना ती कुणी समजावत नाही याचा मला संताप येतो.

बकेट २०२१ची. लिंक एका टचात उघडावी म्हणून सॉफ्टवेअरवाल्याने ती मोकळी ठेवली; काही तासांत मरणारी, डिजिटल सही असलेली लिंक द्यायला चार ओळींचा कोड लागतो. एप्रिल २०२३पासून नव्या बकेट मुळातच बंद असतात, जुन्या होत्या तशाच राहिल्या.

ती बंद करायला दोन मिनिटं लागली. कुणी काय उघडलं हे मात्र कळेना, कारण अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कुणी काय उघडलं याच्या नोंदी, कधी सुरूच केले नव्हते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं.

"कुणी पाहिलं तेच माहीत नाही, तर कळवू काय?"

"उघडं होतं, एवढं कळवा, डॉक्टर."

त्यांनी स्वतः बसून मेल लिहिला. पाच तास होत आले होते.

मग हळूच विचारलं, "तो रिपोर्ट कुणाचा होता?" मी क्रमांक सांगितला. नाव मलाही आठवत होतं, अजून आठवतं. निदान एका परक्या माणसाने ते वाचलं होतं, आणि ती मी होते.