आईचा फोन चार्जच होईना
सकाळपासून आईचा फोन चार्ज होत नव्हता, पिन हलवली की सुरू, सोडली की बंद, आणि दुकानवाला नुसतं बघून म्हणाला बॅटरी गेली, बदला. मला पटेना, कारण पिन पूर्ण आत बसतच नव्हती. घरी फोन स्विच ऑफ करून टॉर्च मारला तर टाइप-सी पोर्टमधे पर्समधला कचरा, धागे गच्च बसलेले! लाकडी टूथपिकने हळूहळू काढले (सुई, टाचणी अजिबात घालू नका) आणि केबल टक्कन बसली. रात्रभर चार्जिंगला ठेवला तर फुटेल म्हणून आई झोपेतून उठून बघायची, फार वाईट वाटलं. तिला सांगितलं, १०० टक्के झालं की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, लिथियम-आयन बॅटरीला खरा त्रास उष्णतेचा, उशीखाली तेवढा ठेवू नकोस. बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं तर मात्र वापरणं लगेच बंद.