शेततळ्याचं अनुदान: आधी खड्डा, मग पैसे

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्याला कमाल 75 हजार रुपये मिळतात, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. ते हातात कधी पडतात, हे मात्र अर्ज भरेपर्यंत कुणी विचारत नाही. खोदकाम पूर्ण, मोजमाप पूर्ण, मग खात्यात. तोवर पोकलेनवाल्याचं आपण बघायचं. माझ्या मते लहान शेतकरी कागदपत्रांपेक्षा इथेच जास्त अडतो. मी काही रक्कम सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून दिली, बाकी उधारीवर ठेवली. ओळखीचा मशीनवाला होता म्हणून जमलं.

अर्जाचं फार सांगण्यासारखं नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक. मी अर्ज केला तेव्हा लॉटरी होती. आता आधी अर्ज त्याला आधी प्राधान्य, शिवाय शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. नाव निघालं तरी पूर्वसंमती येईपर्यंत कुदळ मारायची नाही. "मशीन गावात आहे तोवर उरकून घे," असं सांगणारे भेटतातच. त्यांचं ऐकून आधी खोदलेलं तळं अनुदानात धरत नाहीत.

खरा वेळ जागा ठरवण्यात गेला. घरच्यांना ओढ्याचा कोपरा हवा होता, पाणी आपसूक येईल म्हणून. कृषी सहाय्यकांनी बघताक्षणी नकार दिला. प्रवाहातलं तळं एकाच पुरात गाळाने भरतं, नाहीतर भरावच वाहून जातो. मुरमाड माळही नको, पाणी टिकत नाही. शेवटी उताराच्या खालच्या अंगाचा भारी काळ्या मातीचा तुकडा ठरला. जास्त पावसात तिथलं पीक असंही पिवळंच पडायचं.

आकार घेतला 30 बाय 30, खोली तीन मीटर. सरळ गुणाकार केला तर 2,700 घनमीटर येतात. पण बाजूंना एकास एक उतार, म्हणजे मीटरभर खोलीला मीटरभर आत, दिला की तळ 24 बाय 24 उरतो आणि पाणी मावतं 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर. यात नऊ गुंठे रान जातं, भरावाची जागा वेगळी. ज्याला दीड-दोन एकरच आहे त्याने अनुदानाच्या आकड्याकडे बघून माप ठरवू नये.

खोदाई सुरू झाली आणि ड्रायव्हर बाजू उभ्याच तोडत निघाला, काम लवकर होतं म्हणून. सहाय्यक टेप घेऊन काठावर उभे होते. "काका, त्याला थांबवा आधी. उभी बाजू पहिल्या पावसात ढासळेल, आणि मापात पण बसणार नाही." मग बकेट आडवी धरून उतार तासून घेतला. पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा काढला, जादा पाणी बाहेर जातं त्या सांडव्याला दगड लावले. वरची लांबी, तळाची लांबी, खोली अशी मापं झाली आणि तळ्यासोबत उभं करून माझे जिओ टॅगिंगचे, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो काढले.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक कुठलंही लावा. माझे दुसऱ्याच बँकेत पडले, तेही तिथे नोंद करायला गेलो तेव्हा कळलं. उधारी त्याच दिवशी फेडली.

अस्तरीकरण, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरणं, हा वेगळा घटक आहे. एक उन्हाळा नुसत्या मातीत पाणी किती टिकतं ते बघतो, मग कागदाचा अर्ज करायचा की नाही ते ठरवू.