सेरोलसरच्या वाटेवरचा पिट व्हायपर

हिमाचलमधील जलोरी खिंड सुमारे ३१२० मीटर उंचीवर आहे आणि तेथून सेरोलसर तळ्याकडे जाणारी पाचेक किलोमीटरची पायवाट खर्सू ओकच्या जुन्या रानातून जाते. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, आम्ही त्या वाटेने निघालो होतो. उन्हाची तिरीप वाटेकडेच्या दगडांवर पडली होती, तेवढ्यात पुढे चालणाऱ्या स्थानिक वाटाड्याने काठी आडवी धरून आम्हाला थांबवले. तो दाखवत होता तेथे मला बराच वेळ वाळलेली पाने आणि शेवाळलेले दगडच दिसत होते. मग त्या पानांतलेच एक वेटोळे किंचित हलले.

दीड हात लांबीचा, मातकट तपकिरी, अंगावर गडद चट्टे असलेला तो साप होता. आंबोलीत एकाच पावसाळी रात्री मलबारी चापडा हिरवा, पिवळा आणि तपकिरी अशा तिन्ही रंगांत पाहिल्यापासून मी रंगावरून साप ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही. चार-पाच मीटर मागे सरून दुर्बीण लावली. डोळ्याची बाहुली उभी होती, डोळ्यामागून जबड्याकडे गडद पट्टा गेला होता आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधोमध एक खोल खळगा स्पष्ट दिसत होता. भक्ष्याच्या अंगची ऊब टिपणारा हा खळगा घोणस किंवा फुरशाला नसतो, चापड्याच्या उपकुळाला असतो. मात्र चापड्याच्या माथ्यावर बारीक खवले असतात, तर याच्या माथ्यावर धामणीसारखी मोठी, जोडीजोडीने मांडलेली खवल्यांची ढाल होती. हा हिमालयन पिट व्हायपर, म्हणजे ‘ग्लॉयडियस हिमालयानस’, याविषयी मग फारशी शंका उरली नाही. फारशी म्हणण्याचे कारण असे की २०२२ मध्ये चंबा जिल्ह्यातून याच प्रजातिगटातील एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले आहे, तेव्हा केवळ छायाचित्रावरून शपथ घेऊ नये.

प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी १८६४ मध्ये नोंदवलेला हा साप पश्चिम हिमालयात अगदीच विरळ नाही. पण त्याचा रंग आणि स्वस्थ पडून राहण्याची सवय यांमुळे तो दिसणे विरळ. सुमारे ४९०० मीटरपर्यंत त्याची नोंद आहे. इतक्या थंड मातीत अंडी उबणे कठीण, म्हणून मादी ती पोटातच वाढवते, स्वतः उन्हात बसून त्यांना ऊब देते आणि जिवंत पिलांना जन्म देते. आमच्या समोरची मादीच होती असे मात्र मी म्हणणार नाही.

त्याच्या दंशाने तीव्र वेदना आणि सूज येते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते, त्यामुळे याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. दवाखाना गाठायचा तो सूज, वेदना आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवावे म्हणून.

सेरोलसरच्या काठी बूढी नागिनीचे देऊळ आहे. ती सर्व नागदेवतांची माता मानली जाते आणि भाविक तिला तूप वाहतात. वाटाड्यानेही डब्यातून आणलेले तूप वाहिले; सापाला त्याने काठी का लावली नाही, हे मी मग विचारले नाही.

दुपारी परतताना त्या दगडावर सावली आली होती. साप शेजारच्या, अजून उन्हात असलेल्या दगडावर तसाच वेटोळे घालून बसला होता.