विरेपर्यंत

माझ्या पियानोच्या रचना घरात कुणी नसतानाच होतात, म्हणजे नवरा बोटीवर आणि लेक हॉस्टेलला असते तेव्हा. ते असताना वाजवते भरपूर, पण नवं काही सुचत नाही. कुणी ऐकतंय म्हटलं की माझे हात रिकामी जागा दिसेल तिथे भरत सुटतात.

एकटी असले की एक स्वर वाजवते आणि तो विरेपर्यंत थांबते. पियानोत हातोडी तारेवर पडली की पुढे तो स्वर फक्त ओसरत जातो. त्याला फुगवता येत नाही, मींड घेता येत नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. शास्त्रीय गाणारे याला वाद्याची उणीव म्हणतात. मला पियानो आवडतो तो यासाठीच. मधल्या सप्तकातला सा आवाज न करता हळूच दाबून धरायचा आणि खर्जातला सा ठणकावून लगेच सोडायचा. खालचा बंद होतो आणि वरचा, जो आपण वाजवलाच नाही, गुणगुणत राहतो. पंचम धरला तर तोही बोलतो. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असेल तर यातलं काही ऐकू येत नाही. सध्याची माझी रचना या न वाजवलेल्या स्वरांवरच उभी आहे.

फेदेरिको मोम्पू मला म्हणूनच जवळचा वाटतो. १८९३ साली बार्सिलोनात जन्मलेला हा माणूस पियानोवादक व्हायला पॅरिसला गेला, पण स्वभाव इतका बुजरा की मंच सोडून रचनांकडे वळला. १९५९ ते १९६७ या काळात त्याने ‘मूसिका कायादा’ लिहिलं : एकट्या पियानोसाठी २८ छोटे तुकडे. नाव घेतलं सोळाव्या शतकातल्या संतकवी हुआन दे ला क्रूसच्या कवितेतून, जिथे संगीत मूक आहे आणि एकांत निनादतो. मोम्पूच्या आईकडे चर्चच्या घंटा ओतण्याचा कारखाना होता आणि त्याच्या स्वरमेळांत तो धातू स्वच्छ ऐकू येतो. मी वसईची, घंटांच्या आवाजात वाढलेली; मला ते लगेच पोचतं. (१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर इकडच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराला आजही दिसतात.)

माझ्याकडे आत्याचा जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो आहे. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून आत छोटा बल्ब लावून ठेवते. नोटेशनमध्ये थांब्यावर मात्रा लिहीत नाही, ‘विरेपर्यंत’ एवढंच लिहिते, कारण जुलैतला सा आणि जानेवारीतला सा सारखा वेळ टिकत नाही.

नवऱ्याला फोनवर ऐकवायला गेले, तर स्वराची शेपटी फोनने गोंगाट समजून कापून टाकली. त्याला नुसते ठोके ऐकू आले. मार्चमध्ये तो सुट्टीवर येतोय, तेव्हा शेजारी बसवून वाजवीन. तो ऐकत असताना मला इतकं थांबता येतं का, ते तेव्हाच कळेल.