आमची वाटचाल : सुतळीच्या दोन गाठी

गिऱ्हाईक खिशातून सुतळीचा तुकडा काढतं. त्याला दोन गाठी मारलेल्या असतात. तेवढंच जनावराच्या तोंडाचं माप. त्यावरून म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती बसणारा साज, करायची. खिलार जातीच्या बैलाचं तोंड लांब, निमुळतं, कपाळाला मधोमध खाच. जर्सीची म्होरकी त्याच्या तोंडावर ढगळ बसते.

वडील सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत पथारी मांडायचे. वेसण, कासरे, घुंगरमाळा, गोंडे, शिंगांच्या पितळी शेंब्या. शेजारीच दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे, आणि खोंडाचं तोंड उघडून 'आदत' (दुधाचे दात न पडलेला) की 'दोन दाती' (दोन पक्के दात आलेला) यावरून वाद चालायचा. जात ओळखायला मी तिथंच शिकलो. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप; कळप घेऊन फिरणाऱ्यांची ही जनावरं. जाणकार या जातीचं मूळ म्हैसूरकडच्या हळ्ळीकर जातीशी जोडतात. आटपाडी स्वातंत्र्याआधी औंध संस्थानात होती, आणि इथल्या खिलारला अजून 'आटपाडी महाल' म्हणतात. म्हसवडी, म्हणजे म्हसवडकडच्या खिलार बैलाच्या खांद्याला नि मागच्या अंगाला करडी झाक असते. वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर तांबूस डाग असतो, काही महिन्यांत जातो. नवखा माणूस तो बघून 'भेसळ आहे' म्हणतो, मग आमच्याकडं हशा पिकतो.

गाईचं दूध वासराला पुरून उरलं तर चहापुरतं. माणदेशाच्या कोरड्या रानात, कमी चाऱ्यावर आणि उन्हात दिवसभर चालणारा बैल, यासाठीच ही जात राखली.

माझ्या हातात धंदा आल्यावर मी एक चूक केली. स्वस्त पडते म्हणून नायलॉनची वेसण आणली. खिलारची कातडी पातळ, बैल हिसका मारणारा. पंधरा दिवसांत एक म्हातारे गिऱ्हाईक वेसण हातात घेऊन आले, दोऱ्याला रक्त वाळलेलं. काहीच बोलले नाहीत, गल्ल्यावर ठेवली आणि गेले. उरलेला माल मी विकला नाही. तेव्हापासून वेसण सुतीच, पीळ हातानं भरलेला.

२०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. ट्रॅक्टरनं आधीच निम्मं गिऱ्हाईक नेलं होतं, उरलेल्यांनी शर्यतीचे खोंड विकले. त्या वर्षांत आम्ही गाई-म्हशींची दावी आणि शेळ्यांचे पट्टे करून दिवस काढले. सरळच सांगतो, त्यातून घर चाललं, पण शिवताना हात रमला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि आठवड्याभरात गोंड्यांची लोकर संपली.

आता मुलगी मोबाईलवर ऑर्डरी घेते. लोक जनावराचा फोटो पाठवतात, माप पाठवत नाहीत. ती प्रत्येकाला एकच उत्तर लिहिते : 'सुतळी लावून बघा, दोन गाठी मारा, मग तिचा फोटो टाका.'