सिल्व्हानर की वाइसबुर्गुंडर: सहापैकी पाच, आणि पुन्हा सहापैकी तीन

जर्मनीतल्या फ्रांकन भागातला सिल्व्हानर आणि झाले-उन्स्ट्रूट भागातला वाइसबुर्गुंडर, या दोन पांढऱ्या वाइन मला डोळे झाकून वेगळ्या ओळखता येत नाहीत, ही गेल्या नोंदीतली तक्रार या पंधरवड्यात सुटली आणि आठ दिवसांत पुन्हा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणून ठरल्या दिवसाआधीच लिहीत आहे.

नव्याने आलेल्यांसाठी एवढेच सांगतो की त्रिकोण चाचणीत तीन पेले असतात, त्यांतल्या दोघांत एकच वाइन असते आणि वेगळा पेला कोणता ते सांगायचे असते. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणजे सहा फेऱ्यांत दोन. सहापैकी चार बरोबर येणेही निव्वळ योगायोगाने दहांत एकदा घडू शकते. त्यामुळे पाच बरोबर आल्याशिवाय फरक कळला असे मी धरत नाही. गेल्या महिन्यात माझी दोनच उत्तरे बरोबर होती.

ही जोडी मुळातच अवघड आहे. फ्रांकनमधल्या व्युर्त्सबुर्गच्या आसपासची आणि झाले-उन्स्ट्रूटमधल्या फ्रायबुर्गच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांखालची जमीन एकाच प्रकारच्या, मुशेलकाल्क नावाच्या जुन्या शिंपल्यांच्या चुनखडकाची आहे. द्राक्षाचे हे दोन्ही वाण गंधाच्या बाबतीत संकोची आहेत. रीसलिंगसारखे ते लांबूनच आपली ओळख देत नाहीत. सिल्व्हानरमध्ये मला सुकलेले गवत, कच्ची नाशपाती आणि ओल्या मातीचा वास सापडतो, तर वाइसबुर्गुंडरच्या शेवटी बदामाच्या सालीची किंचित कडसर चव राहते. परंतु हे सारे लेबल वाचल्यानंतर सापडते, हीच खरी अडचण आहे.

पहिली चूक तापमानाची होती. फ्रीजमधून काढलेल्या सहा अंशांच्या वाइनला जवळजवळ काहीच गंध नसतो. सुई खुपसून मोजण्याचा स्वयंपाकघरातला तापमापक वापरून दोन्ही वाइन बारा अंशांवर आणल्या. दुसरी अडचण फ्रांकनचा सिल्व्हानर ज्या बाटलीत येतो त्या बोक्सबॉयटलची होती. ती चपटी, गोलसर बाटली मला मनापासून आवडते. पण ती फ्रीजच्या कप्प्यात बसत नाही आणि कापडात गुंडाळली तरी तिचा आकार लपत नाही. म्हणून वहिनींनी दोन्ही वाइन आतल्या खोलीत एकसारख्या काचेच्या सुरयांत ओतल्या, पेल्यांना तीन आकडी खुणा दिल्या आणि यादी स्वतःजवळ ठेवली. पेले आयएसओ ३५९१ या, वाइन चाखण्याच्या पेल्यांसाठीच्या १९७७ च्या आंतरराष्ट्रीय नमुन्याचे होते. त्यांत सिल्व्हानर थोडा कोंडल्यासारखा वाटतो हे मला मान्य आहे. तरीही तुलनेसाठी त्यांच्याइतका भरवशाचा पेला मला मिळालेला नाही, आणि महागड्या पेल्यांची शिफारस करणाऱ्यांशी मी या एका बाबतीत सहमत नाही.

या तयारीनंतर सहापैकी पाच उत्तरे बरोबर आली. त्या रात्री मला झालेला आनंद इथल्या मंडळींना वेगळा सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पेले धुताना वहिनींनी विचारले, "भाऊजी, त्या एका वाइनचे बारीक बुडबुडे पेल्याला चिकटत होते, ते तसेच असतात का?" पोलादी टाकीत थंड ठेवून लवकर भरलेल्या आणि फिरकीच्या झाकणाने बंद केलेल्या कोवळ्या वाइनमध्ये आंबवणीतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो. माझ्या सिल्व्हानरमध्ये तो होता. वाइसबुर्गुंडर मात्र आदल्या वर्षाचा आणि बुचाच्या बाटलीतला होता. जिभेवरची ती चुणचुण मी आम्लता समजून टिपून ठेवली होती. म्हणजे मी वाण ओळखतच नव्हतो, वायू ओळखत होतो. मग नव्या बाटल्या उघडून दोन्ही वाइन अर्ध्या भरलेल्या बाटल्यांत सारख्याच वेळा हलवून, झाकण उघडून वायू जाऊ दिला आणि चाचणी पुन्हा घेतली. सहापैकी तीन.

त्यात साखरेचाही प्रश्न आहे. आम्लता पुरेशी असेल तर लिटरला नऊ ग्रॅमपर्यंत साखर असलेल्या वाइनवरही 'ट्रॉकन', म्हणजे गोड नसलेली, असे लिहिता येते; फ्रांकनची जुनी रीत मात्र चार ग्रॅमांच्या आत राहण्याची. काही उत्पादक साखर आणि आम्लतेचे आकडे मागितल्यावर लगेच कळवतात, आणि अशांकडूनच घ्यावे असे माझे ठाम मत झाले आहे. वाइसबुर्गुंडर ज्या दुकानातून टपालाने मागवला, त्यांनी मागितलेल्या वर्षाऐवजी न विचारता आदल्या वर्षाची बाटली पाठवली होती. मी ती तशीच चाचणीत घेतली, हे चुकलेच.

एक यश मात्र निर्भेळ आहे. मायसनहून आणलेला गोल्डरीसलिंग हा आणखी एक पांढरा वाण मी चार पेल्यांतून पहिल्याच वासाला ओळखला. द्राक्षांचे नवे वाण घडवणारे ओबर्लिन यांनी १८९३ मध्ये कोलमारला तयार केलेला हा संकर आज जवळजवळ फक्त झाक्सन (सॅक्सनी) या जर्मन प्रांतातच टिकून आहे. हलकी, मस्कटची पुसट आठवण देणारी ही वाइन मी त्या संध्याकाळी चाचणी संपल्यावर अगदी सावकाश प्यालो.

पुढची पायरी म्हणून चुनखडकाऐवजी कोयपर नावाच्या वेगळ्या मातीतला सिल्व्हानर आणायचे ठरवले होते. १६५९ मध्ये या वाणाची जर्मनीतली पहिली नोंदलेली लागवड जिथे झाली, त्या फ्रांकनमधल्या कास्टेल गावचाच. पण वरच्या चुका लिहिताना लक्षात आले की त्यामुळे मातीचा आणखी एक फरक वाढेल. झाले-उन्स्ट्रूटमध्ये सिल्व्हानरही पिकतो. एकाच उत्पादकाचे, एकाच वर्षाचे, एकाच चुनखडकावरचे, एकाच तळघरात तयार झालेले आणि एकाच प्रकारच्या झाकणाचे दोन वाण मिळाले, तर वाणाखेरीज फारसे काही वेगळे उरणार नाही. मी येनामध्ये राहतो, नाउमबुर्ग गाडीने जवळ आहे आणि तिथून फ्रायबुर्ग पुढेच आहे, तरी हे आधी सुचले नव्हते. कास्टेल आता उन्हाळ्यानंतर. शनिवारी सकाळच्या गाडीने फ्रायबुर्गला जातो, प्रत्येकी दोन बाटल्या आणतो, आणि साखरेचे आकडे तिथेच विचारून घेतो.